सेवाभावी क्लबातले सदस्य गळतात कुठे आणि टिकतात कशाने

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीतला, रोटरी-लायन्ससारखा जुना सेवाभावी क्लब. एकेकाळी 60 च्या वर सदस्य होते, आज पटावर 38 आणि सभेला येतात 12 ते 15. दरवर्षी सहा-सात नवे येतात, पण पुढच्या पदग्रहणाला त्यांतले दोनच दिसतात. येत्या 1 जुलैला अध्यक्षपद घेणाऱ्या सदस्याने विचारले आहे: नवे लोक आणायचे कसे?

तुमच्याकडे नवे लोक येत आहेत, ही गोष्ट आधी लक्षात घ्या. दरवर्षी सहा-सात माणसे फॉर्म भरतात, वर्गणी देतात, कोटाला पिन लावून घेतात, म्हणजे गावात क्लबाविषयी अजून आदर आहे. अडचण ती आत आल्यानंतरची आहे. 38 च्या क्लबात दरवर्षी 7 आले आणि 9 गेले, तर पाच वर्षांत 35 माणसे आत घेऊनही पट 28 वर येतो. तितकेच आले आणि फक्त 3 गेले, तर तोच पट 58 होतो. म्हणून माझा सल्ला असा, की नव्या माणसाचे पहिले शंभर दिवस कसे जातील हे कागदावर ठरेपर्यंत एकालाही फॉर्म देऊ नका. तोपर्यंत जूनमध्ये घाईने नावे भरण्याचा कार्यक्रम बंद ठेवा.

सुरुवात एका वहीपासून करा. गेल्या पाच वर्षांत आलेल्या आणि गेलेल्या प्रत्येकासाठी एक ओळ लिहा: कोणत्या महिन्यात आला, कोणी आणले, व्यवसाय काय, पहिल्या सहा महिन्यांत किती सभांना हजर होता, कोणत्या समितीत होता, हातात नेमके कोणते काम होते, कोणत्या महिन्यात गेला. सेक्रेटरीकडची जुनी हजेरी आणि खजिनदाराचे पावतीपुस्तक एवढ्यावर हे दोन संध्याकाळींत होते. ‘हातात कोणते काम होते’ हा रकाना बहुतेक ओळींत रिकामा निघेल आणि तुमचा अर्धा प्रश्न तिथेच उलगडेल. समितीत नाव असणे आणि काम असणे यांत फरक आहे. ‘पब्लिक इमेज कमिटी, सदस्य’ हे काम झाले नाही. ‘शिबिराच्या आदल्या दिवशी रक्तपेढीला फोन करून खाटांची संख्या पक्की करणे’ हे काम झाले.

बदली होऊन गेलेले आणि वारलेले यांची नावे वेगळी काढा. सांगलीत बँक अधिकारी, विमा आणि सरकारी खात्यांतले लोक दर काही वर्षांनी बदलून जातातच, ती गळती नव्हे. त्यांना जाताना नव्या गावच्या क्लबासाठी पत्र द्या. रोटरी आणि लायन्स दोन्हींत एका क्लबातून दुसऱ्यात जाण्याची सोय आहे आणि असे पत्र मिळालेला माणूस तुमच्या क्लबाविषयी आयुष्यभर चांगले बोलतो.

उरलेल्यांना भेटायचे. राजीनाम्यात सगळ्यांनी ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहिलेले असते, त्यावर विश्वास ठेवू नका. भेटायला अध्यक्ष नको आणि ज्याने त्याला आणले तोही नको, कारण दोघांच्या तोंडावर माणूस खरे बोलत नाही. कोणत्याही गटात नसलेला, ऐकून घेणारा एक ज्येष्ठ सदस्य पाठवा. भेट गेलेल्या माणसाच्या दुकानात किंवा दवाखान्यात, गर्दी नसलेल्या वेळी. तीन गोष्टी विचाराव्यात: येण्याआधी काय वाटले होते, आल्यावर काय निघाले, आणि कोणत्या दिवशी ‘आता पुरे’ असे वाटले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत उपयोगी असते, कारण तिथे नेमका प्रसंग सांगितला जातो. कोणी सांगेल की सलग चार सभांना शेजारी बसून कोणी बोलले नाही. कोणी सांगेल की वर्गणी भरल्यावर महिन्याभरात पदग्रहणाचे, सहलीचे, जाहिरातीच्या पानाचे पैसे मागितले गेले. या भेटीत ‘परत या’ म्हणायचे नाही. आठ-दहा भेटी झाल्या की कारणे पुन्हा पुन्हा तीच येऊ लागतात, तेव्हा थांबा.

आता सभेविषयी, कारण नवा माणूस क्लब ओळखतो तो सभेवरून. आपल्याकडे निमंत्रणात 7.30 लिहितात आणि सुरुवात सव्वाआठला होते. मग दीपप्रज्वलन, पाहुण्यांची ओळख, शाल-श्रीफळ, वाढदिवस, माजी अध्यक्षांचे दोन शब्द, आणि साडेनऊला पाहुण्यांना ‘वेळेअभावी थोडक्यात’ अशी चिठ्ठी जाते. मिरजेचा डॉक्टर ओपीडी आवरून नऊला येतो तेव्हा त्याच्या वाट्याला फक्त जेवण येते. 70 मिनिटांची सभा अशी बसवा: 5 मिनिटे सुरुवात, 10 मिनिटे चालू कामाचा हिशोब (कोणी काय केले, काय अडले, कोण हवे), 25 मिनिटे वक्ता, 10 मिनिटे प्रश्न, 5 मिनिटे सेक्रेटरीच्या सूचना, उरलेली 15 मिनिटे टेबलावरच्या गप्पांसाठी मोकळी. सत्कार एका सभेत एकच, तोही दोन मिनिटांत. वेळेवर आलेल्यांना ताटकळत ठेवून उशिरा येणाऱ्यांची वाट बघायची सवय मोडली, की दोन महिन्यांत लोक वेळेवर येऊ लागतात. पहिल्या दोन-तीन सभा पाच माणसांवर सुरू कराव्या लागतील, तेवढे सोसा.

सभेची वेळ कोणाच्या सोयीची आहे हेही पाहा. तुमच्या 38 जणांची व्यवसायानुसार यादी करा आणि समोर वर्षाचे बारा महिने मांडा. तासगाव, मिरज पूर्व भागातले द्राक्षबागायतदार सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी आणि फवारणीत गुंतलेले असतात, जानेवारीपासून मार्चपर्यंत माल काढणीत, त्यानंतर बेदाणा. हळदीचे अडते आणि व्यापारी फेब्रुवारीपासून आवकेच्या गडबडीत. सीए आणि कर सल्लागार जुलै ते सप्टेंबर आणि पुन्हा मार्चअखेर मिळत नाहीत. उसाशी संबंध असलेले गाळपाच्या हंगामात कारखाना आणि तोडणीच्या मागे. शिक्षक-प्राध्यापक परीक्षांत. असा तक्ता भिंतीवर लावला की दोन फायदे होतात. हंगामात न येणाऱ्याला ‘निष्क्रिय’ ठरवण्याचा अन्याय टळतो, आणि त्याच्या मोकळ्या महिन्यांत त्याला नेमके काम देता येते. बागायतदाराला जून ते ऑगस्टमध्ये वृक्षारोपणाची जबाबदारी द्या, ती तो मनापासून करेल. तीच फेब्रुवारीत दिली तर तो फोन उचलणार नाही.

रोटरीत दर आठवड्याला भेटण्याची जुनी सक्ती 2016 च्या कौन्सिलनंतर (रोटरीचे नियम ठरवणाऱ्या परिषदेनंतर) सैल झाली आणि महिन्यातून किमान दोन सभा पुरतात. त्याचा फायदा घ्या. एक सभा संध्याकाळची ठेवा आणि एक रविवारी सकाळी 7.30 ची, कामाच्या जागी: ज्या शाळेत ग्रंथालय उभे करत आहात तिथे, ज्या वस्तीत तपासणी आहे तिथे. सकाळच्या सभेला डॉक्टर येतात, महिला सदस्यही येतात. गावाबाहेरच्या हॉटेलात रात्री साडेदहाला संपणारी सभा महिला सदस्यांना दर वेळी ‘सोडायला कोण येणार’ या प्रश्नात टाकते आणि त्या तक्रार न करता येणे थांबवतात.

पैशाचाही विचार सभेबरोबरच करा. उदाहरणादाखल, वर्गणी वर्षाला 9,000 आहे, सभा 24, आणि हॉटेलचे ताट 250 रुपयांना पडते. प्रत्येक सभेला येणाऱ्याच्या ताटावर 6,000 गेले. उरलेल्या 3,000 मधून आंतरराष्ट्रीय संस्थेची आणि डिस्ट्रिक्टची (परिसरातल्या क्लबांच्या विभागाची) देणी, छपाई, सभागृह. मग प्रत्येक उपक्रमासाठी वेगळी झोळी फिरवावी लागते आणि नवा सदस्य त्यालाच कंटाळतो. 24 पैकी 16 सभा चहा आणि भडंगावर घेतल्या तर 16 ताटांचे 4,000 वाचतात, त्यातून माणशी 25 रुपयांप्रमाणे 400 खर्च झाले तरी 3,600 उरतात. एवढ्यात वर्गणी 6,000 पर्यंत खाली आणता येते. जेवण बंद झाल्याने कोणी सोडून जाईल अशी भीती असेल तर तिमाहीतून एकदा कुटुंबासह जेवण ठेवा. त्याला हजेरी जास्त असते.

फॉर्म देण्याआधी त्या माणसाच्या हातात पूर्ण वर्षाच्या खर्चाचा एक कागद द्या. प्रवेशशुल्क, वर्गणी, पदग्रहण, कॉन्फरन्स, सहल, वाढदिवसाच्या दिवशी अपेक्षित देणगी, सगळे. त्यात ऐच्छिक काय आणि बंधनकारक काय हे स्पष्ट लिहा. हा कागद वाचून जो मागे सरतो तो तसाही डिसेंबरात गेला असता. आणि जो थांबतो त्याला पुढे फसल्यासारखे वाटत नाही. हिशोब दर तिमाहीला सभेत वाचून दाखवा. लोकांकडून सेवाकार्यासाठी गोळा केलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवा, तो क्लबाच्या चहापाण्याला किंवा छपाईला कधीही वापरू नका. सदस्यवर्गणी ही देणगी नव्हे. तिच्यावर करसवलतीची पावती मागणारा सदस्य निघतो, त्याला नम्रपणे नाही म्हणा.

याच ठिकाणी कागदी सदस्यांचे बोलले पाहिजे. जूनअखेर आकडा दाखवण्यासाठी नातेवाईक, नोकर, मित्र यांची नावे भरली जातात आणि त्यांची वर्गणी अध्यक्षच खिशातून भरतो. रोटरीत देणी 1 जुलै आणि 1 जानेवारीच्या पटावर आकारली जातात, म्हणजे ही नावे पुढच्या अध्यक्षाच्या डोक्यावर येतात. तो ती काढतो, पट एकदम खाली येतो आणि वर्षभर क्लब ‘घसरतोय’ अशी चर्चा होते, जी खऱ्या सदस्यांचे मन खचवते. तुम्ही पद घेण्याआधी मे महिन्यातच मावळत्या अध्यक्षांसोबत बसून पट स्वच्छ करा. जो वर्षभरात एकाही सभेला आला नाही, ज्याने एकाही कामाला हात लावला नाही, त्याला भेटा. राहायचे आहे का, हे विचारा. उत्तर नाही आले तर नाव काढा. 38 चे 31 झाले तरी चालेल. 31 खरे सदस्य असले की हजेरीचा आकडा खरा दिसू लागतो.

ज्येष्ठांना मात्र या झाडणीत धक्का लागू देऊ नका. रोटरीत किमान 20 वर्षे सदस्य असलेल्या आणि वय अधिक सदस्यत्वाची वर्षे मिळून 85 किंवा जास्त होणाऱ्या सदस्याला, त्याने तशी इच्छा कळवली आणि बोर्डाने मान्य केली, तर हजेरीतून सूट मिळते. ही सूट पुष्कळ क्लबांत कोणी मागतच नाही, कारण कोणी सांगत नाही. सेक्रेटरीने स्वतः घरी जाऊन सही आणावी.

आता पहिल्या शंभर दिवसांकडे. पिन लावल्यापासून सात दिवसांत अध्यक्ष आणि एक सदस्य नव्या माणसाच्या कामाच्या जागी जाऊन अर्धा तास बसतात. तो दिवसभर काय करतो, कधी मोकळा असतो, कशात त्याचा हात चालतो, हे विचारतात आणि वहीत लिहितात. पहिल्या तीन सभांना त्याच्या शेजारी वेगवेगळा सदस्य बसतो, हे आधी ठरवून. आणणारा त्याला शेजारी घेऊन बसला की तो त्या एकाच माणसाचा राहतो, आणि तो माणूस गटातून फुटला की हाही जातो. पंधरा ते तीस दिवसांत पहिले काम, चार तासांचे, ज्यात तो नसला तर काहीतरी अडेल. साठाव्या दिवसाच्या आसपास दुसरे काम, ज्यात त्याला दोन जणांना सोबत घ्यावे लागेल. नव्वदाव्या दिवशी अध्यक्षांनी विचारायचे: काय आवडले, काय खटकले. खटकलेल्यातली एक तरी गोष्ट महिन्याभरात बदलून दाखवायची. शंभराव्या दिवसापर्यंत त्याला निदान दहा सदस्य नावाने ओळखत असले पाहिजेत. आणणाऱ्याची जबाबदारी पूर्ण एक वर्षाची आणि एकाने एका वेळी दोनपेक्षा जास्त आणायचे नाहीत. एकाच दिवशी आठ जणांना पिन लावण्याचा समारंभ फोटोत छान दिसतो, पण आठ जणांना काम द्यायला आठ कामे लागतात आणि तुमच्याकडे तेवढी चालू नसतात.

कामांविषयी थोडे थांबून सांगतो, कारण सगळे यावर येऊन टेकते. वह्यावाटप, फळवाटप, ब्लँकेटवाटप या उपक्रमांत पैसे लागतात, हात लागत नाहीत. पाच जण जातात, फ्लेक्सपुढे उभे राहतात, वीस मिनिटांत परततात. बाकीच्या तीस सदस्यांना ते ग्रुपवर फोटोतून कळते. असा क्लब देणगीदार टिकवतो, सदस्य टिकवत नाही. वर्षात निदान दोन उपक्रम असे हवेत ज्यांत 20 जणांना खरे काम आहे आणि जे काही महिने चालतात.

रक्तदान शिबिर घ्या. एरवी ते एका सकाळचे असते. पण त्याला मागचा-पुढचा भाग जोडला तर तो वर्षभराचा उपक्रम होतो. आधी: जागेची पाहणी, रक्तपेढीशी खाटा आणि कर्मचारी ठरवणे, कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यांत जाऊन शिफ्टप्रमाणे वेळा ठरवणे, महाविद्यालयांशी बोलणे. त्या दिवशी: नोंदणीचे टेबल, वजन आणि हिमोग्लोबिनच्या रांगेवर लक्ष, रक्त दिल्यावर माणूस निदान पंधरा मिनिटे बसतो की नाही हे पाहणारा, चहा-बिस्किटाचे टेबल. हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली भरल्याने परत पाठवलेल्यांची, बहुतेक मुलींची, वेगळी यादी करणारा. आणि नंतर: पुरुष दात्याला 90 दिवसांनी आणि महिला दात्याला 120 दिवसांनी पुन्हा फोन करणारे तिघे. कमी हिमोग्लोबिनच्या मुलींसाठी डॉक्टर सदस्याने घेतलेली तपासणी आणि आहाराची बैठक. हे फोन आणि ही यादी नव्या सदस्याला द्यायला सर्वांत चांगले काम आहे. महिन्यातून दोन तास लागतात, घरी बसून होते, आणि चार महिन्यांनी त्याच्या फोनमुळे आलेले दाते तो मोजू शकतो.

सांगलीला दुसरा असा उपक्रम कृष्णेनेच दिलेला आहे. आयर्विन पुलापाशी पाण्याची इशारा पातळी 40 फूट आणि धोक्याची 45 फूट. 2005, 2019 आणि 2021 मध्ये काय झाले ते प्रत्येक सदस्याला माहीत आहे. पूर आल्यावर सगळेच धावतात, त्यात अन्नाची पाकिटे एका वस्तीत ढीग होतात आणि दुसरीत पोचत नाहीत. क्लबाचे काम मे महिन्यातले आहे: कोणाकडे ट्रॅक्टर-ट्रॉली, कोणाकडे उंचावरचे गोदाम, कोणाकडे मंगल कार्यालयाचे स्वयंपाकघर, कोणाकडे जनरेटर, पिण्याच्या पाण्याचा टँकर, कोणता डॉक्टर निवारा केंद्रात बसेल, कोणता औषध दुकानदार उधारीवर औषधे देईल. सखल भागातल्या प्रत्येक गल्लीसाठी दोन सदस्य, त्यांच्याकडे तिथल्या अंथरुणावर असलेल्या माणसांची, गरोदर बायकांची, डायलिसिसच्या रुग्णांची यादी. पाणी 35 फुटांना पोचले की कोणी कोणाला फोन करायचा हे ठरलेले. ही यादी महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला आधीच देऊन ठेवा म्हणजे वेळेला दोन माणसे एकाच दारात जाणार नाहीत. यात 38 च्या 38 जणांना काम आहे, अगदी घराबाहेर पडू न शकणाऱ्या ज्येष्ठालाही. तो फोनवर बसू शकतो.

आणि नवे सदस्य शोधायचे ते इथेच. शिबिराला, पुराच्या कामाला, शाळेच्या दुरुस्तीला न सांगता आलेला, शेवटपर्यंत थांबलेला बाहेरचा माणूस वहीत टिपून ठेवा: नाव, फोन, त्याने काय केले. दोन आठवड्यांनी फोन करून पुढच्या कामाला बोलवा. दुसऱ्यांदा आला तर सभेला बोलवा. दोन कामे आणि दोन सभा झाल्यावर खर्चाचा कागद आणि फॉर्म. उलट क्रम, म्हणजे आधी जेवण, मग पिन, मग काम, हाच आजवर चालत आला आहे आणि गळतीचे मूळ त्यातच आहे. फॉर्म आला की नाव सर्व सदस्यांपुढे ठेवून सात दिवसांत हरकत मागवा. ही जुनी पद्धत घाईत सोडली जाते आणि मग आधीपासून कोर्टात भांडणारे दोन भागीदार एका टेबलावर येतात.

दुसरा मार्ग व्यवसायांच्या नकाशाचा. सांगली-मिरज-कुपवाडचे व्यवसाय लिहून काढा आणि तुमच्याकडे कोणते नाहीत ते पाहा. बहुतेक जुन्या क्लबांत डॉक्टर, बिल्डर, सराफ, सीए भरपूर असतात. नसतात ते असे: बेदाण्याचे शीतगृह चालवणारे, ठिबक सिंचनाचे विक्रेते, पशुवैद्य, फाउंड्रीवाले, मिरजेत सतार-तंबोरे घडवणारे, हॉस्पिटलमधल्या वरिष्ठ परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, पॅथॉलॉजी लॅबवाले, अभ्यासिका चालवणारे. प्रत्येक रिकाम्या जागेसमोर एका सदस्याने दोन नावे द्यायची. ‘कोणी चांगला माणूस असेल तर आणा’ असे सभेत जाहीर केले की कोणी आणत नाही. ‘पशुवैद्यांपैकी कोण ओळखीचे आहे?’ असे विचारले की लगेच नाव येते.

तरुणांच्या बाबतीत एक गैरसमज मोठा आहे. वालचंद, विलिंग्डन किंवा चिंतामणराव महाविद्यालयातल्या मुलांचा रोटरॅक्ट किंवा लिओ क्लब (रोटरी आणि लायन्सचे तरुणांसाठीचे क्लब) काढला की पुढची पिढी तयार झाली, असे धरले जाते. ते काम जरूर करा, पण ही मुले शिकून पुण्याला जातात, त्यांच्या भरवशावर पट वाढणार नाही. तुम्हाला हवे आहेत ते 28 ते 40 वयाचे, परत आलेले: वडिलांचा कारखाना, शेती, दवाखाना, दुकान सांभाळायला आलेले. त्यांचे मित्र बाहेरगावी राहिलेले असतात आणि गावात त्यांना आपल्या वयाचा, आपल्या विचाराचा घोळका हवा असतो. त्यांना पन्नाशीच्या घोळक्यात एकटे सोडू नका. चार-पाच जण एकदम तयार करा. त्यांची सोय वेगळी असेल, आणि आठ जण जमले, तर रोटरीत सॅटेलाइट क्लब काढता येतो. सभा आपल्या वेळेला घेतात आणि सदस्य मुख्य क्लबाचेच राहतात. 2020 पासून रोटरॅक्टची 30 वर्षांची वयोमर्यादाही उठली आहे. लिओमध्ये ती आजही 30 आहे, त्यामुळे तिशीला आलेल्या लिओंची यादी दर वर्षी आधीच मागवून घ्या.

महिलांना लायन्सने 1987 मध्ये आणि रोटरीने 1989 मध्ये सदस्यत्व खुले केले. तरी आपल्याकडच्या अनेक क्लबांत त्या आजही ‘ॲन’ (सदस्याची पत्नी) म्हणून संक्रांतीच्या कार्यक्रमापुरत्या असतात. ज्या डॉक्टर, वकील, उद्योजक, मुख्याध्यापिका आहेत त्यांना त्यांच्या स्वतःच्या कामासाठी, त्यांच्याच नावाने आमंत्रण द्या. दोघीतिघींना एकाच वर्षी घ्या आणि त्यांपैकी एकीला पहिल्या वर्षीच बोर्डावर घ्या. पाहुण्यांचे औक्षण आणि सूत्रसंचालन एवढेच काम त्यांच्याकडे देऊ नका. लायन्समध्ये एकाच कुटुंबातल्या पुढच्या चार सदस्यांना आंतरराष्ट्रीय वर्गणी निम्मी लागते, हे नवरा-बायकोला मिळून सांगा. फॉर्मवर सही होण्याआधी घरी एकदा जाऊन येणे कोणत्याही परिस्थितीत चुकवू नका. रात्री किती वाजता घरी येणार आणि वर्षाला किती खर्च, हे दोन प्रश्न घरातून येतातच. त्यांची उत्तरे तुम्ही समोर बसून दिली तर पुढे घरातून विरोध होत नाही.

गैरहजेरीची वही आठवड्याला पाहा. सलग दोन सभा चुकल्या की दोन दिवसांत फोन, ग्रुपवर नाही, एकट्याला: “डॉक्टर, दोन सभांना दिसला नाहीत, घरी सगळं बरं आहे ना?” एवढेच. हजेरीचा, वर्गणीचा विषय त्या फोनवर काढायचा नाही. तिसरी चुकली की कोणीतरी भेटून यायचे. वर्गणी थकली असेल तर खजिनदाराने एकांतात हप्ते विचारावेत. थकबाकीदारांची यादी ग्रुपवर टाकणारा क्लब ती वर्गणी आणि तो माणूस दोन्ही घालवतो. ग्रुप दोन ठेवा: एक सूचनांचा, जिथे फक्त अध्यक्ष आणि सेक्रेटरी लिहितात, दुसरा गप्पांचा. निवडणुकीच्या दिवसांत राजकीय मजकूर दोन्हींवर बंद. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकांत झालेली ग्रुपवरची भांडणे पुढे सभेत उतरतात.

नेतृत्वाची अडचण अशी, की अध्यक्ष दर 1 जुलैला बदलतो आणि सदस्यांची काळजी घेण्याचे काम पुन्हा शून्यापासून सुरू होते. त्यासाठी तिघांची सदस्यता समिती करा, प्रत्येकाची मुदत तीन वर्षे, दर वर्षी एक बाहेर आणि एक आत. वही त्यांच्याकडे राहील. त्यात माजी अध्यक्ष एकच असावा. माजी अध्यक्ष हे क्लबाचे मोठे बळ आहे, पण प्रत्येक नव्या सूचनेवर ‘आमच्या वर्षी हे करून झाले’ असे दोनदा ऐकले की नवा सदस्य तिसऱ्यांदा बोलत नाही. त्यांच्यासाठी वेगळी, ठरलेली कामे द्या: नव्या सदस्याचे पालकत्व, जुन्या उपक्रमांची देखभाल, देणगीदारांशी संबंध. अध्यक्षपदासाठी चुरस असेल तर दोन वर्षांचे क्रम एकदम, खुल्या सभेत ठरवा. बंद खोलीत ठरलेल्या अध्यक्षपदावरून क्लब फुटतो आणि त्याच गावात दुसरा उभा राहतो, याची उदाहरणे पुरेशी आहेत.

गेलेल्यांना परत बोलवायचे तर वर्षभराने, आणि तेही वहीत ज्यांच्या तक्रारी खरोखर दूर झाल्या आहेत त्यांनाच. जो म्हणाला होता की सभा उशिरा सुरू होते, त्याला वेळेवर सुरू झालेल्या सभेला पाहुणा म्हणून बोलवा. ज्याला खर्च झेपला नव्हता त्याला नवी वर्गणी आणि खर्चाचा कागद पाठवा. प्रवेशशुल्क पुन्हा घेऊ नका. त्याच्या जुन्या सदस्यत्वाची वर्षे क्लबाच्या नोंदीत धरा, आणि परत येताना त्याने आवडीचे एक काम आधीच निवडलेले असू द्या.